बिनउंबऱ्याची न्हाणी

फरशीच्या धंद्यात त्याला सगळे पाणसळ म्हणायचे. मिस्त्र्याच्या हातात ती पट्टी असते ना, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की पातळी बरोबर म्हणायची, ती पाणसळ. नाव ठेवलं होतं त्याच्या पहिल्या मिस्त्रीनं, तेही वैतागून. बुडबुडा केसभर सरकला तरी हा बसवलेली फरशी उचलून पुन्हा बसवायचा. याच्या भरवशावर घर बांधायला घेतलं तर राहायला नातवंडांनीच जावं, असं तो मिस्त्री चारचौघांत म्हणायचा. पुढं मिस्त्री गेला, धंदा याचा झाला, केस पिकले, गुडघ्यांना रबरी वाट्या बांधल्याशिवाय बसता येईना झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही ते आतून गोड लागायचं. माझ्या फरशीवर गोटी ठेवा, संध्याकाळी येऊन बघा, ठेवली तिथंच सापडेल, असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि खिशात खरोखरच एक गोटी बाळगायचा.

त्याचा दुसरा ताठा म्हणजे कागद. कागदावर त्यानं जन्मात रेघ ओढली नाही. कुठल्या घरात कुठली नळी कुठून गेलीय असं कुणी विचारलं की कपाळावर दोन बोटं आपटायचा आणि म्हणायचा, इथं आहे सगळं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ते कधी खोटं पडलं नव्हतं. किंवा पडलं असेल तर त्याच्या कानापर्यंत कुणी आणलं नव्हतं.

अक्का त्याची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा होता. तिथून पुढं आई म्हणजे अक्काच. तिनं त्याला मागल्या दारी दगडावर बसवून घासलं. कानामागचा मळ काढताना कान उपटून तिच्या हातात येतोय की काय असं त्याला वाटायचं, आणि रडला तर ती आणखी एक तांब्या डोक्यावर ओतायची, म्हणजे अश्रू दिसायला नकोत. शाळा त्याला झेपेना तेव्हा तिनंच हाताला धरून मिस्त्रीसमोर उभं केलं. स्वतः मात्र तीस वर्षं धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली. वर वाफ, खाली कायम ओला सिमेंटचा कोबा. माझं डोकं उन्हाळ्यात राहतं आणि पाय थंडीत, असं ती सांगायची. नवरा लवकर गेला, मुलगी शिकून लांबच्या शहरात संसाराला लागली, आणि अक्का आपल्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. एकटी, पण राणीसारखी.

ती कामावरून सुटली त्या थंडीत, चौदा वर्षांपूर्वी, पाणसळनं तिला न्हाणी बांधून दिली. तीस वर्षं गारठलेल्या पायांसाठी फरशीखाली बोटभर जाडीची नळी नागमोडी अंथरली. तिच्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरायचं, त्यामुळं बाहेर गोठलं तरी अक्काचं पाऊल उबेवर पडायचं. कोपऱ्यात शॉवरसाठी वीतभर उंचीचा ओटा केला आणि त्याला काळ्या दगडाचा उंबरा बसवला. कडा अशा गोल घासलेल्या की येता-जाता हात फिरवावासा वाटावा. पाण्याचा एक थेंब बाहेर येणार नाही, असं तो म्हणाला होता, आणि आला नाही. अक्काच्या घरी कुणीही आलं की चहाच्या आधी त्याला उंबरा दाखवला जायचा.

दर रविवारी तो अक्काकडे जायचा. त्या रविवारी तिच्या स्वयंपाकघरातला नळ टिपकत होता म्हणून पाणी बंद करायची चावी फिरवायला तो न्हाणीत शिरला, तर शॉवरच्या नळापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं. एका रात्रीचं नव्हे, चांगलं ऐसपैस, वर धूळ साचलेली. ओट्याची फरशी कोरडी ठणठणीत. त्यानं बाहेर येऊन विचारलं, तर अक्का म्हणाली, कोळी मेहनती दिसतोय. मग तिनं विषय बदलून त्याच्या बायकोच्या खोकल्याची चौकशी सुरू केली, आणि ती फार वेळ केली. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते न्हाणीत तर नक्कीच नव्हतं.

बेसिनखाली एक प्लास्टिकचं घमेलं आणि त्यावर वाळत घातलेलं फडकं दिसल्यावर त्याला उमगलं. अक्का ओल्या फडक्यानं अंग पुसत होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून डावा पाय वीतभर उचलेना. दोनदा उंबऱ्याला अडला, तिसऱ्यांदा ती नळाला लोंबकळून वाचली, आणि त्या दिवसापासून तिनं शॉवरचा नाद सोडला. आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत तो तीसेक वेळा तरी तिच्याकडे येऊन चहा पिऊन गेला होता.

सांगितलं का नाहीस, असं त्यानं विचारलं तेव्हा ती पदराशी चाळा करत म्हणाली,

"काय सांगू? सगळ्या जगाला कौतुकानं दाखवलेला उंबरा, आणि आता मलाच तो ओलांडवत नाही म्हणून?"

मुलीला मात्र कळलं होतं, फोनवरच्या आवाजावरून मुलींना जे कळतं तसं. तिनं अंघोळ घालायला एक बाई पाठवली. अक्कानं तिला दोन दिवस गप्पा मारून, खाऊपिऊ घालून परत पाठवलं. मग मुलीनं निर्वाणीचं सांगितलं की महिन्याभरानं ती येणार, आणि तोवर आई आपली आपण अंघोळ करत नसेल तर तिला घेऊन जाणार, चौथ्या मजल्यावर, जिथून खालचा रस्तासुद्धा धड दिसत नाही. मुलगी वाईट नव्हती. घाबरली होती.

पाणसळनं भीत भीत स्वतःचं घर सुचवलं. बायको घालेल अंघोळ, नाहीतर उचलून आत ठेवायला मी आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. अक्कानं चष्म्यावरून बघितलं.

"तुला मी न्हाऊ घातलंय. तू मला उचलायचं नाहीस. समजलं?"

समजलं. दुसऱ्या दिवशी तो हातोडा घेऊन आला.

बरोबर नळकाम करणारा त्याचा दोस्त होता. त्याला सगळे गळका म्हणायचे. त्याच्या हातचा सांधा कधी गळला नव्हता. गळायचं ते तोंड. दोघांनी मिळून निम्म्या गावाच्या न्हाण्या केल्या होत्या आणि एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय एकही पुरी केली नव्हती. पहिला घाव घालायला पाणसळचा हात उचलेना. उंबऱ्याच्या काळ्या दगडावर तो नुसता बसून राहिला. गळका म्हणाला, बाजूला हो, मी घालतो, मला काही त्याच्यावर प्रेम नाही. पण घाव पाणसळनंच घातला. दुपारपर्यंत उंबरा आणि ओटा दोन्ही घमेल्यांतून बाहेर गेले.

खरी गोम पुढं होती. जुना निचरा ओट्याच्या पोटातून, जमिनीच्या वरून भिंतीत गेला होता. आता शॉवरची जमीन बाकीच्या फरशीला मिळवायची, तिला भिंतीकडे ढाळ द्यायचा, म्हणजे पाण्याची जाळी पार खाली बसणार, आणि तिथलं पाणी समोरच्या भिंतीतल्या मोठ्या पाइपापर्यंत न्यायचं तर उबदार फरशीतून चर खणावा लागणार. फरशीत नळ्या. नळ्यांच्या ओळी चराच्या दिशेनंच गेल्या असतील तर दोन ओळींच्या मधून चर सुखानं जाईल. आडव्या असतील तर एकेक करत सगळ्या तुटतील आणि न्हाणीची ऊब कायमची जाईल. गळक्यानं विचारलं, नकाशा आहे का? पाणसळनं कपाळावर दोन बोटं आपटली.

ओळी शॉवरकडून समोरच्या भिंतीकडे गेल्यात, सरळ, असं त्यानं सांगितलं. दोरी धरली, निळी रेघ मारली, कटर हातात घेतला.

अक्का दारात खुर्ची टाकून बसली होती, समोर तिचा चालायचा चार पायांचा आधार. सकाळपासून तिनं एक शब्द काढला नव्हता, आणि अक्काच्या बाबतीत ती काळजीचीच गोष्ट.

"तिथं कापू नकोस," ती म्हणाली.

"का गं?"

"त्या रेघेवरून चालताना पट्टे लागतात. गरम, थंड, गरम, थंड. सरळ ओळ असती तर एकसारखं लागलं असतं."

"अक्का, नळ्या मी घातल्यात."

"घातल्यास तू एकदा. चालतेय मी रोज."

गळक्यानं हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. पाणसळ चिडला. धंद्यातला माणूस कोण, असं काहीसं बोलून त्यानं कटर खाली ठेवला आणि निळ्या रेघेवर तळहात टेकला. बॉयलर अजून चालू होता, फरशीत ऊब होती. पण तळहाताला काही कळेना. इकडे सरकवला, तिकडे सरकवला. चुन्या-सिमेंटात पन्नास वर्षं घोळलेला तो हात, त्याला आता उकळत्या चहाचा पेलासुद्धा कोमट वाटायचा. तो पट्टा काय ओळखणार? दुसरा हात टेकला. तोही तसाच.

अक्कानं खाली वाकून मोजे काढले. वेळ लागला, पण कुणी मदतीला गेलं नाही. मग आधार पुढं टाकत ती आत आली.

"खडू घे," ती म्हणाली.

गुडघ्यांच्या वाट्यांवर पाणसळ तिच्या मागं रांगत निघाला. उजवं पाऊल ती टेकायची आणि उचलायची, त्या पावलाला फारसं कळत नव्हतं. पण डावं उचलत नव्हतं, म्हणूनच ते फरशीवरून घासत जायचं, आणि घासत जाणाऱ्या त्या पायाला रेघ न् रेघ कळत होती. इथं, असं ती म्हणायची, आणि तो खडूनं खूण करायचा. इथं नाही. इथं. आता जरा बाजूला, हां, इथं वळलीय. खिडकीच्या भिंतीकडेनं वीतभर सगळं थंड, शॉवरपासून पार त्या पाइपापर्यंत. तिथं मी कधी उभी राहत नाही. अर्ध्या तासात न्हाणीभर खडूच्या रेघा झाल्या. सगळ्या आडव्या. पाणसळच्या निळ्या रेघेला एक-दोन नव्हे, सात ठिकाणी कापत गेलेल्या.

त्याला अजून पटत नव्हतं. म्हणजे पटलं होतं, पण गळ्याखाली उतरत नव्हतं. मग त्यानं चष्मा काढला, आडवा झाला आणि फरशीवर गाल टेकला. गालाचं कातडं अजून माणसाचं होतं. खडूच्या रेघेवर गाल ठेवला, ऊब. दोन रेघांच्या मधे सरकवला, गार. पुन्हा रेघ, पुन्हा ऊब. असा तो त्रेसष्ट वर्षांचा माणूस बहिणीच्या न्हाणीत पालथा पडून इंच इंच सरकत राहिला, आणि गळक्याच्या तोंडातूनही काही गळलं नाही.

खिडकीपाशी पोचल्यावर त्याला आठवलं. चौदा वर्षांपूर्वी, नळी अर्धी अंथरून झाल्यावर, अक्का म्हणाली होती की आरसा खिडकीसमोर नको, तोंडावर उजेड येतो आणि सुरकुत्या मोजता येतात. म्हणून बेसिन पलीकडच्या भिंतीला नेलं. म्हणून अंथरलेली नळी उचलून तिची दिशाच फिरवली. त्याच्या कपाळात राहिलं होतं ते पहिलं अंथरणं. फिरवल्याचं डोक्यातून साफ पुसून गेलं होतं.

तो उठून बसला. गालावर खडू लागला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "उंबराही चुकलाच."

"उंबरा नाही चुकला," अक्का म्हणाली. "तेव्हा माझा पाय उचलत होता की."

गळक्यानं नाक शिंकरलं आणि कामाला लागूया म्हणाला. काखेत कळसा नि गावाला वळसा, एवढं मात्र तो बोललाच. न बोलता तर त्याला रात्री झोप आली नसती.

चर खिडकीच्या भिंतीकडेनं गेला, थंड पट्ट्यातून, कोपऱ्यात एक वळण घेऊन. वाट लांबली म्हणून पाइप बोटभर जास्त खोल घालावा लागला. कटर लावायला पाणसळ तयार नव्हता; पहिली दोन हात जागा त्यानं छिन्नीनं, टिचक्या मारल्यासारखी फोडली. एकही नळी लागली नाही. शॉवरच्या जागेखालून, भिंतीवर हातभर वर चढवून त्यानं पाणी न मुरू देणारा लेप तीन थरांत दिला, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत गळक्याला आत पाऊल टाकू दिलं नाही. मग वर छोट्या खरबरीत फरश्या, तळहाताच्या निम्म्या, म्हणजे पाय घसरायचा नाही आणि ढाळही नीट घेतील.

ढाळ त्याला जड गेला. न्हाण्यांना ढाळ त्यानं आयुष्यभर दिला होता, पण तो उंबऱ्याच्या आत, ओट्यावर, कुणाला न दिसेलसा. इथं दारातून आत येणारी सपाट फरशी एका रेघेपाशी कळेल न कळेल अशी खाली झुकायला हवी होती. जास्त झुकली तर अक्काचा आधार सरकेल, कमी झुकली तर पाणी खोलीभर. पाणसळीतला बुडबुडा मुद्दाम एका अंगाला ठेवून तो प्रत्येक ओळ लावत होता आणि दर वेळी अपराध्यासारखं तोंड करत होता. गळक्यानं त्याच्या खिशातली गोटी काढून शॉवरच्या तोंडाशी ठेवली. ती जराशी विचारात पडली, मग सावकाश निघाली आणि जाळीपाशी जाऊन थांबली. वाया गेला माणूस, गळका म्हणाला.

भिंतीला दोन दांडे बसवले, एक उभा, एक आडवा. ते अक्काला आवडले. घडीची बसायची फळी आवडली नाही, म्हातारी झाले का मी, म्हणाली; बसवल्यावर मात्र टॉवेल ठेवायला बरी आहे असं कबूल केलं.

आणि मग थांबायचं. चरात भरलेला माल पुरता सुकेपर्यंत नळ्यांत गरम पाणी सोडायचं नाही, घाई केली तर तडे जातात, हे पाणसळचं म्हणणं, आणि याबाबतीत त्यानं कुणाचं ऐकलं नाही. अक्का म्हणाली, गार फरशीवर करते की अंघोळ, मेले नाही मी तीस वर्षं. नाही म्हणजे नाही. बायको त्याला घरी म्हणाली की मुलगी यायला आठवडा उरलाय आणि तुम्ही माल वाळवत बसलात. त्यानं कॅलेंडरवर काट मारायचं सोडलं नाही. रोज संध्याकाळी तो अक्काकडे जायचा, फरशीला गाल टेकायचा आणि परत यायचा. आता त्याला याची लाज वाटत नव्हती.

एकविसाव्या दिवशी त्यानं बॉयलरची चावी हळूहळू फिरवली, आज थोडी, उद्या थोडी. तिसऱ्या दिवशी सकाळी, मुलगी यायला दोन दिवस असताना, अक्का अनवाणी आत गेली, डावा पाय घासत खिडकीपासून बेसिनपर्यंत, बेसिनपासून शॉवरपर्यंत. सात पट्टे तिनं मोठ्यानं मोजले. शॉवरच्या जागेत जाताना तिचं पाऊल कुठंच अडलं नाही. ती आत शिरली हे तिलाही दोन पावलं उशिरा कळलं असावं, कारण ती थांबली, मागं वळली आणि जिथं उंबरा असायचा तिथं बघत राहिली.

"जा आता," ती म्हणाली. "दार ओढून घे."

त्यानं ओढून घेतलं. बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. आधी काहीच ऐकू येईना. मग कपड्यांची सळसळ, दांड्यावर बांगडी वाजल्याचा आवाज, मग पाणी. पाणी एकसारखं पडत होतं, म्हणजे त्याच्या वाटेत माणूस नव्हता. मग आवाज बदलला, फुटका, अडखळता झाला. ती पाण्याखाली आली होती. तो खोकला. थोड्या वेळानं पुन्हा खोकला, आपण आहोत इथं, एवढं कळावं म्हणून. तिसऱ्यांदा खोकल्यावर आतून आवाज आला.

"बायकोचा खोकला लागला का तुला? मी आहे धडधाकट. घरातून बाहेर जा बघू."

तो गेला. अंगणातून फाटकापाशी जाऊन उभा राहिला. तिथून न्हाणीची छोटी खिडकी दिसायची, वर, छपराजवळ. तिच्या फटीतून वाफ येत होती. सकाळच्या गार हवेत ती पांढरी दिसत होती, थांबत नव्हती. पायांखालची जमीन कडक थंड होती आणि तो चपला घालून आला होता, पण त्याचं लक्ष नव्हतं.

गळका सायकलवरून आला. त्याचा पाना राहिला होता, तो न्यायचा होता. पाणसळ कुठं बघतोय ते त्यानं बघितलं.

"अजून आतच?"

"हं."

"पाऊण तास झाला असेल."

"तास झाला."

"हाक मारून बघ तरी."

"नाही मारायची," पाणसळ म्हणाला. "आठ महिन्यांची अंघोळ आहे. वेळ लागणारच."

गळक्यानं सायकल फाटकाला टेकवली. पाना आणायला तो काही आत गेला नाही. दोघं तिथंच उभे राहिले, वाफेकडे बघत, आणि आतून अक्का काहीतरी गुणगुणतेय असं वाटलं तेव्हा दोघांनीही ते ऐकलं नसल्यासारखं केलं.